चाळीस दिवसांनंतरचं रडणं

आपल्या घरांत बाळंतिणीच्या विश्रांतीला एक ठरलेली तारीख असते. चिल्ला पूर्ण झाला, म्हणजे चाळीस दिवस भरले, की तिला न्हाऊ घालतात, नवे कपडे देतात, ती नमाज पुन्हा सुरू करते. आणि त्याच दिवसापासून चूल, धुणं, पाहुणे हे सगळंही पुन्हा तिच्याकडे येतं. तोवर शेक-शेगडी करायला, अळिवाची खीर करायला, रात्री बाळाला घ्यायला कुणी ना कुणी असतं. चाळिसाव्या दिवसानंतर नानी आपल्या घरी परतते किंवा सून सासरी परतते, आणि घर म्हणतं, "झालं, आता सगळं रुळावर आलं."

माझं म्हणणं असं आहे की ही तारीख बाळाला कुणी विचारून ठरवलेली नाही. बाळाचं रडणं शिगेला पोहोचतं ते साधारण सहाव्या आठवड्यात. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. म्हणजे ज्या आठवड्यात बाळ सर्वांत जास्त रडतं, नेमक्या त्याच आठवड्यात आपण त्याच्या आईच्या हाताखालची माणसं काढून घेतो. नंतर ती थकली, चिडली, एकटीच रडत बसली की आपण तिला विचारतो, "तुला काय झालं? बाळंतपण तर कधीच उरकलं."

सहाव्या आठवड्याची ही गोष्ट माझ्या पदरची नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली 80 बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याची नोंदवही लिहून घेतली. दुसऱ्या आठवड्यात ही धडधाकट बाळं दिवसाला सरासरी पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हा आकडा पावणेतीन तासांवर गेला आणि नंतर उतरत तिसऱ्या महिन्यात तासाभरावर आला. रडणं दुपार कलल्यावर आणि संध्याकाळी जास्त होतं. पुढे रोनाल्ड बार या संशोधकाने आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांची बाळं पाहिली. ती दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असतात, दर थोड्या वेळाने दूध पितात, रडली की क्षणात उचलली जातात. त्यांचं एकूण रडणं कमी भरलं, पण रडण्याचा चढ-उतार तिथेही तसाच होता. पहिल्या काही आठवड्यांत चढायचं, मग उतरायचं. म्हणजे बॉस्टनचं बाळ असो, कलाहारीचं असो की मालेगावचं, हा घाट त्याला चढावाच लागतो.

यातून एक साधी गोष्ट निघते. धडधाकट बाळ पोट भरलेलं असताना, लंगोट कोरडा असताना, कडेवर घेतलेलं असतानाही रडू शकतं आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. काही बाळं तर फारच रडतात. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, असं तीन आठवड्यांहून जास्त काळ चाललं तर त्याला 'कॉलिक' म्हणायचं, ही व्याख्या 1954 सालापासून वापरात आहे. व्याख्या जुनी असली तरी त्यावर खात्रीचं औषध आजही नाही. बहुतेक बाळांचं ते तीन-चार महिन्यांत आपोआप निवतं.

पण आपल्याकडे रडणाऱ्या बाळाच्या खोलीत निदान करणाऱ्यांची रांग लागते. आमची लेक आता पाच महिन्यांची आहे. बाळंतपण सोलापूरला तिच्या नानीकडे झालं आणि पंचेचाळिसाव्या दिवशी मायलेकी पुण्याला आल्या. त्यानंतरचे सहा-सात आठवडे असरपासून इशापर्यंत घरात दुसरा आवाज नव्हता. या काळात आम्ही ऐकलेली निदानं अशी : "नजर लगी होगी." "दूध कम पड़ता होगा." "माँ ने ठंडा खाया होगा." "मगरिब के वक्त बाहर निकाला क्या?" बोलणारी सगळी आमचीच माणसं, मायेचीच. पण नीट ऐकलं तर प्रत्येक निदानाचं बोट एकाच व्यक्तीकडे वळतं. दूध तिचं कमी, खाणं तिचं चुकीचं, बाहेर नेलं तिने. माझ्याकडे बोट दाखवणारं एकही निदान मला ऐकू आलं नाही. बाप जागा राहत नाही म्हणून बाळ रडतं, असं आजवर कुठल्या आपाने कुणाला सांगितलंय?

म्हणून या निदानांचा एकेक हिशेब इथे करतो.

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून कळत नाही. बाळाचं वजन वाढतंय का आणि दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, यावरून कळतं. हे दोन्ही ठीक असेल तर "दूध कमी" हे वाक्य घरातून हद्दपार करावं. कारण या एका वाक्याने डब्याचं दूध घरात येतं आणि चांगलं चाललेलं अंगावरचं दूध खरोखरच कमी होऊ लागतं.

घुट्टी, ग्राइप वॉटर, साखरेचं पाणी यांबद्दलही तेच. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं वेगळं. तहनीकची सुन्नत खजुराची आहे. अनेक घरांत खजुराची जागा मधाने घेतली आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातून बोटुलिझम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

राहिली नजर आणि मगरिबची वेळ. दुआ वाचून दम करायला माझा विरोध नाही. हजरत हसन आणि हुसेन यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) अल्लाहकडे संरक्षणाची दुआ करत, अशी हदीस आहे. बाळ मगरिबच्या सुमारास रडतं हे आपल्या बुजुर्गांचं निरीक्षणही बरोबरच होतं. ब्रेझल्टनच्या नोंदवह्याही संध्याकाळच दाखवतात. माझी हरकत एवढीच आहे की दुआ वाचणाऱ्याने 'आमीन' म्हटल्यावर बाळ परत आईच्याच हातात देऊन निघून जाऊ नये. दुआ वाचावी आणि बाळाला घेऊन अर्धा तास येरझाऱ्याही घालाव्यात.

अर्थात प्रत्येक रडणं निरुपद्रवी नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, ते दूध ओढत नसेल, हिरवी उलटी करत असेल, शौचात रक्त दिसत असेल, लघवी फार कमी झाली असेल, झटके येत असतील, किंवा ते अगदी मलूल पडलं असेल आणि रडणंही क्षीण झालं असेल, तर वाट बघायची नाही. रात्र असली तरी डॉक्टरकडे न्यायचं. दोन हात लांबून चिडून रडणाऱ्या बाळापेक्षा नेहमी रडणारं बाळ अचानक गप्प पडलं तर जास्त घाबरावं.

आता ज्या गोष्टीबद्दल आपण बोलतच नाही तिच्याकडे येतो. या सगळ्या दिवसांत उपचाराची गरज बहुतेक वेळा बाळाला नसते. ती जागणाऱ्या माणसाला असते आणि त्याचं औषध म्हणजे झोप. 1997 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, आणि चोवीस तासांनंतर तो साधारण 0.10 टक्क्यांच्या पातळीला जातो. भारतात दारू पिऊन वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. आपल्या घरात दारूचा थेंब चालत नाही. प्यालेल्या माणसाच्या हातात आपण तान्हं बाळ कधीच देणार नाही. पण दोन रात्री न झोपलेल्या आईच्या हातात तेच बाळ देतो, वर गॅसवर भाजी ठेवायला सांगतो, आणि याला ममता म्हणतो.

या थकव्यातून एक भयानक गोष्ट घडू शकते. कानाजवळ किंचाळणारं बाळ थांबत नाही, डोक्यात घण बसतात आणि माणूस बाळाला धरून गदगदा हलवतो. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान कमजोर असते. काही सेकंदांच्या हलवण्याने मेंदूत आणि डोळ्यांत रक्तस्राव होऊ शकतो. बाळ आंधळं होऊ शकतं, मरू शकतं. असं करणारी माणसं राक्षस नसतात. बरीचशी आपल्यासारखीच झोपेला पारखी झालेली असतात. म्हणून प्रत्येक नव्या आईबापाला एक परवानगी जाहीरपणे मिळायला हवी : आता सहन होत नाही असं वाटलं, तर बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवा, आजूबाजूची उशी-गोधडी काढा, दार लोटून दुसऱ्या खोलीत जा आणि पाच-दहा मिनिटं बसा. पाणी प्या, वुजू करा, कुणाला तरी फोन लावा. पाठीवर निजवलेलं बाळ दहा मिनिटं रडल्याने मरत नाही. "बच्चा रो रहा है और माँ बैठी है" असं म्हणणाऱ्याने त्या दहा मिनिटांत बाळ स्वतः घ्यावं, नाहीतर गप्प राहावं.

आणि दोन आठवडे उलटूनही आईचं मन उदासच असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तो ईमानचा कमकुवतपणा नाही. तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहे. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. जीवावर उठलेले विचार असतील तर तिला एकटं सोडू नये, सरळ दवाखाना गाठावा.

आता चाळीस दिवसांकडे परत येऊ. हा आकडा आला कुठून? फिकहमध्ये तो निफास, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या मुदतीचा आकडा आहे. हनफी मतानुसार जास्तीत जास्त चाळीस दिवस, शाफई मतानुसार साठ. आपल्या कोकणी मुसलमानांत शाफई मसलक आहे, त्यांना हे माहीत असेल. रक्तस्राव आधी थांबला तर स्त्रीने आधीच नमाज सुरू करायची असते. म्हणजे हा इबादतीचा हिशेब आहे. किती दिवस झोपू द्यायचं, किती दिवस कुणी मदत करायची, याची मुदत त्यात कुठेही सांगितलेली नाही. ती रिवाजाने जोडली. रिवाज चांगलाच आहे. चाळीस दिवस बाईला जमिनीवरचं भांडं उचलू न देणारा समाज काही निर्दयी नाही. पण रिवाजाने जिथे रेघ मारली तिथे बाळ थांबत नाही.

गंमत म्हणजे सरकारी हिशेबही तिथेच येऊन थांबतो. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आपल्या महाराष्ट्रातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ती उभी केली आणि त्या अनुभवातून आशाताईंच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम आला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. बेचाळिसावा दिवस शेवटचा. लहान बालकांसाठीच्या पुढच्या कार्यक्रमातली पहिली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. या भेटी बाळाचा जीव वाचवण्यासाठी आखलेल्या आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवलेही आहेत. पण सहावा आठवडा ते तिसरा महिना, म्हणजे रडण्याचा घाट उतरायचा सगळा काळ, आईकडे ना नानी असते ना आशाताई. त्या वेळी घरात दुसरा मोठा माणूस एकच उरतो, तो म्हणजे बाप.

बापाच्या बाबतीत आपला दीन काय सांगतो, हे आपण फार कमी वेळा ऐकतो. जुम्याच्या बयानात आईच्या पायाखालच्या जन्नतीचा उल्लेख नेहमी येतो. सूरह लुकमान थकव्यावर थकवा सोसून मूल वाढवणाऱ्या आईची आठवण देते. सूरह अहकाफ गर्भापासून दूध तुटेपर्यंतचा काळ तीस महिन्यांचा सांगते. चाळीस दिवस कुठे आणि तीस महिने कुठे! सूरह बकराची 233 वी आयत तर बापाशीच बोलते. दूध पाजणाऱ्या आईच्या खाण्याकपड्याची जबाबदारी बापावर, कुणावरही झेपेल त्यापेक्षा जास्त भार नाही, मुलामुळे आईला त्रास होता कामा नये आणि बापालाही, आणि दूध तोडण्याचा निर्णय दोघांच्या संमतीने, विचारविनिमयाने. ही आयत तलाकच्या प्रकरणांत येते. विभक्त झालेल्या बापाकडूनही जिथे एवढी अपेक्षा आहे, तिथे त्याच छताखाली, शेजारच्या खोलीत उशी कानावर दाबून झोपलेल्या बापाकडून किती असेल?

सहीह बुखारीतल्या तीन गोष्टी मला या महिन्यांत वारंवार आठवल्या. पहिली : प्रेषित (स.) लांब नमाज पढवण्याच्या इराद्याने उभे राहत, मागून बाळाचं रडणं ऐकू आलं की नमाज आटोपशीर करत, कारण त्या बाळाच्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना जाणवे. दुसरी : त्यांनी आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा केली, सजद्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा घेत. तिसरी : घरी असताना ते काय करत, असं विचारल्यावर हजरत आयेशांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात मदत करत आणि नमाजची वेळ झाली की निघत. पहिल्या हदीसमध्ये रडणाऱ्या बाळाला बाहेर न्यायला कुणी सांगितलं नाही. आईला उद्यापासून येऊ नकोस, असंही कुणी म्हटलं नाही. इमामने स्वतःचा वेळ कमी केला. बाळ रडलं की वेळ कुणी कमी करायचा, याचं उत्तर यात आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला बुजुर्गांचा : "आमच्या आयांनी आठ-आठ मुलं वाढवली, त्या नाही कुरकुरल्या." वाढवली खरी, पण एकटीने नाही. अंगणात नणंद होती, फुफी होती, शेजारची खाला होती, दहा वर्षांची थोरली बहीण कडेवर भाऊ घेऊन फिरत होती. प्रेषितांचं स्वतःचं तान्हेपण हलीमा सादिया यांच्या घरी गेलं. दूधमातेच्या नात्याला कुरआनात रक्ताच्या नात्यासारखं स्थान आहे. मूल एकट्या आईने वाढवायचं, ही कल्पनाच आपल्या परंपरेत नवी आहे. आणि जिथे हात मिळाले नाहीत, तिथे काय झालं तेही पाहा. ब्रिटिश काळातल्या मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया बाळ दिवसभर गप्प झोपावं म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत, याची नोंद त्या काळच्या सरकारी अहवालांत आहे. त्या बायांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्याकडे दुसरा हात नव्हता, म्हणून अफू आली. जुन्या काळातली बाळं शांत होती असं कुणी म्हटलं की मला ती गोळी आठवते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा बाप रात्री कुठून जागणार? त्याला रजा कोण देणार? 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातली पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली, पण तिचा उपयोग मस्टरवर नाव असणाऱ्या बाईला. घरी बसून कांड्या भरणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या बाईला नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला 15 दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला देशात कुठल्याही कायद्याने ती मिळत नाही. हे बदलायला हवं आणि आपल्या प्रतिनिधींनी ते मागायला हवं. पण ज्याला रजा आहे तो ती कधी घेतो? बहुधा अकीक्याच्या गडबडीत, देगी आणि मंडपाच्या मागे. केंद्राच्या नियमात ही रजा बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. तेव्हा तिचा मोठा भाग सहाव्या आठवड्यासाठी राखून ठेवा. अकीका एका दिवसाचा असतो.

आणि ज्याला रजाच नाही, त्याच्याकडेही रात्रीचे तीन तास असतात. आम्ही वाटणी नमाजच्या वेळांवर केली, कारण त्या वेळा दोघांनाही पाठ होत्या. इशानंतर रात्री एकपर्यंत बाळ माझं. एक ते फजर तिचं. फजर पढून आलो की पुन्हा दीड तास माझं. दूध पाजायला तिलाच उठावं लागे, पण बाळ तिच्यापर्यंत नेणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरवणं हे बापाला करता येतं. त्यात दुधाचा संबंध नाही. सलग चार तासांची झोप मिळालेली आई आणि तुकड्या-तुकड्यांत झोपलेली आई, या दोन वेगळ्या बाया असतात. यात मी काही थोर केलं नाही. बाळ निम्मं माझं आहे, म्हणून रात्रही निम्मी माझी.

आता आमच्या घरातलं रडणं ओसरलं आहे आणि दुसरा आवाज सुरू झाला आहे. चौथ्या महिन्याच्या शेवटी लेकीला आपल्या गळ्याचा शोध लागला. ती रडत नाही, किंचाळते. पंखा दिसला की किंचाळी, चमचा दिसला की किंचाळी, मला बघून किंचाळी, काहीच नसलं तरी किंचाळी. दमलेल्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच टोचतात, पण दोन्ही एक नाहीत. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बाळं आवाजाशी खेळतात. उंच चित्कार, खालच्या पट्टीतलं गुरगुरणं, ओठांचा फुर्रर्र. पुढच्या बा-बा, मा-माची ही तालीम असते. ओरडून गप्प करता येत नाही, उलट बाळाला वाटतं की आपल्यासारखाच खेळ चालू आहे. हळू आवाजात उत्तर द्यावं, गॅलरीत न्यावं, खेळणं बदलावं. आणि कानात कापसाचे बोळे घातले तरी त्यात लाज नाही. काळजी करायची ती आवाज नसल्याची. दहाव्या महिन्यापर्यंत बा-बा, दा-दा असे जोडआवाज आले नाहीत तर श्रवणाची तपासणी करून घ्यावी.

या किंचाळण्याला आमच्यासारख्यांच्या घरात आणखी एक भीती चिकटलेली असते. शहरात मुसलमान नावाला भाड्याचं घर मिळवताना काय काय ऐकावं लागतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. घर मिळालं की माणूस पाय दाबून चालतो. टीव्हीचा आवाज कमी, ईदला पाहुणे कमी, तक्रारीला जागा नको. आणि मग घरात येते पाच किलोची एक बाई, जिला यातलं काहीच माहीत नाही. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा 45 डेसिबल आहे. कानाजवळ मोजलं तर बाळाची किंकाळी शंभराच्या पुढे जाते. भोंग्यांवर एवढी निवेदनं निघतात, हिच्यावर अजून कुणी काढलेलं नाही, हे नशीबच. पण भीती विनोदाने जात नाही. रात्री अकराला ती किंचाळली की तिला शांत करण्याआधी आमचा हात खिडकी लावायला जायचा. बाळाच्या आवाजाची लाज वाटणं हा त्या थकव्यातला सर्वांत वाईट भाग आहे.

एका रात्री खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या राहिल्या. आम्ही माफीची तयारी केली. त्यांनी बाळ मागितलं. "तुम्ही दोघं पडा जरा, मी हिला घेऊन बसते, मला तशीही झोप नसते," असं म्हणाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा त्या येतात. आमचं कधी राजकारणावर बोलणं झालेलं नाही, बहुधा जमणारही नाही. बाळ मात्र दोघांना कळतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. चाळीस दिवसांचा रिवाज मोडू नका, तो वाढवा. एकशेवीस दिवस करा. नानीने चाळीस दिवस सलग राहण्यापेक्षा काही दिवस सहाव्या ते बाराव्या आठवड्यासाठी राखून ठेवावेत. सासूने नातवासाठी झबली आणताना एका वेळचा डबाही आणावा. बघायला येणाऱ्यांनी मिठाईचा खोका आणण्याऐवजी तासभर बाळ घ्यावं आणि आईला झोपू द्यावं, चहाची वाट बघू नये. इमामसाहेबांनी वर्षातून एक जुमा बापांसाठी ठेवावा आणि उमामाची गोष्ट सांगावी. शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकण्याआधी एकदा बेल वाजवावी. आणि बापांनी उठावं. बाळ रडतंय म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय असं नाही, पण बाळ रडत असताना रोज एकच माणूस उठत असेल, तर मात्र बिघडलेलं आहे.